नागपूरची सोयरीक

नागपूर आमच्या भागातल्या माणसाला काही सातासमुद्रापलीकडचं नाही. कोणी दवाखान्यासाठी जातं, कोणी अपिलासाठी, कोणी दसऱ्याला दीक्षाभूमीवर. मी वाशीमच्या कोर्टात कारकून, त्यामुळे कागदांच्या गठ्ठ्यांसोबत तीनदा जाऊन आलेला. सीताबर्डीवर कुठल्या कोपऱ्यात कुल्फी चांगली मिळते हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचा थोडा गर्वही आहे. तरी गेल्या मे महिन्यात दुसरा शनिवार आणि त्याला जोडून आलेला रविवार असे दोन दिवस मी जे नागपूर पाहिलं ते आधी पाहिलं नव्हतं. कारण या वेळी सोबत बाबा होते, आणि बाबा मौजमजेसाठी आले नव्हते. ते नागपूरची सोयरीक पाहायला आले होते.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, नागपूरच्या नर्सिंगच्या शाळेतून प्रवेशाचं पत्र आलं. तीन वर्षांचं शिक्षण, राहणं तिथल्याच होस्टेलात, आणि सोमवारी सकाळी पालकानं हजर राहून सही करायची. शेलूबाजारला आमच्या घरी मायनं गूळ वाटला. बाबांनी मात्र पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पाह्यल्याबिगर पोरगी देत नसतात."

मी म्हटलं, बाबा, हे लग्न नाही, शिक्षण आहे. त्यावर बाबांनी मला विचारलं, की तीन वर्षं दुसऱ्याच्या घरी राहायचं, त्यांच्या हातचं खायचं, त्यांच्या म्हणण्यानं उठायचं-बसायचं, याला तुमच्या कोर्टात काय म्हणतात? कोर्टात याला काय म्हणतात ते मी सांगितलं नाही.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी बाप घर पाहायला जातो. घराचं छप्पर, गोठा, कणगी पाहतो. सासू सुनेला कोणत्या आवाजात हाक मारते ते ऐकतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, आणि तिथलं पाणी पाहतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, कौसाताईच्या वेळी बाबांनी यातलं काही केलं नाही. पेरणीचे दिवस होते, मध्यस्थ ओळखीचा होता, त्याच्या शब्दावर त्यांनी मालेगावच्या पलीकडे दीड कोस आत तिला देऊन टाकलं. नवरा चांगला निघाला, सासूही बरी निघाली. फक्त होळी झाली की ताईला नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून पाणी आणावं लागतं. बारा वर्षं ती ते करते आहे. बाबा तिच्याकडे गेले की रात्री राहत नाहीत, उभ्याउभ्या परत येतात.

तेव्हा सुजाताचं सगळं काही बाबांच्या पाहण्यावर अडलं होतं. आमच्या घरात ती कमीच बोलते; जे काही तिला म्हणायचं असतं ते ती भांडी घासताना भांड्यांना सांगते. त्या आठवड्यात आमच्या भांड्यांवर पोचे आले.

मी एक बेत केला. बाबांना नागपूर असं दाखवायचं, की त्यांचे डोळे दिपावे आणि सोमवारी सहीला हात आपोआप वळावा. फुलस्केपवर मी कार्यक्रम लिहून काढला. महाराजबाग, सीताबर्डीची रोषणाई, आनंदमेळा, अंबाझरी तलाव, सिनेमा. खाली रेघ ओढली. बाबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तू तुह्यी यादी पाह्य, मी माहं पाह्यतो."

शनिवार

शेलूबाजारहून पहाटेची एसटी धरली. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की कारंज्यापर्यंत सुजाता खिडकीशी होती आणि तिथून पुढे खिडकीशी मी होतो, कारण मला मळमळत होतं.

दुपारी नागपुरात उतरलो. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आपल्याकडचं ऊन डोक्यावर असतं. तिथलं खालून, डांबरातूनही वर येतं. सायकलरिक्षावाले तोंडाला ओला पंचा गुंडाळून सीटखाली सावलीत झोपले होते. मी सोबत आणलेला कांदा खिशात चाचपून पाहिला. बाबांनी मात्र स्टँडबाहेरची पाणपोई गाठली होती. ओंजळ धरली, पाणी प्याले, मग शेजारी उभं राहून पुढची पाच-सात माणसं पाणी पिताना पाहत राहिले. मला वाटलं, चव घोळवत असतील. मी विचारलं, खारं आहे का? ते म्हणाले, "नाई. बरं हाय."

लॉजमध्ये मालकानं वहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि किल्ली पुढे सरकवली. बाबा तिथून हलेचनात. जिन्यात मला हळूच म्हणाले, "आनखी काई नाई पुसलं त्यानं?"

"काय पुसणार?"

"कोन म्हनून."

मी म्हटलं, नाही. बाबा हुंकार भरून जिना चढले. खोलीत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर होता. तो सुरू केला तसा पावसाळ्यात गवताच्या गंजीजवळ यावा तसा वास सुटला आणि आम्ही तिघंही उन्हं उतरेपर्यंत मेल्यासारखे झोपलो. यादीतला पहिला दीड तास तिथेच गेला.

महाराजबागेत वाघ झोपला होता. मी कठड्यापाशी उभा राहून खाकरलो, रुमाल हलवला. वाघानं एक पाय लांब केला. बाबा तिथून केव्हाच गेले होते. शोधलं तर हिरवळीवर माळी रबरी नळीनं पाणी मारत होता आणि बाबा त्याच्याशी गप्पा मारत उभे. गवताला एवढं पाणी रोज घालता का, कोणी काही म्हणत नाही का, असं विचारून राहिले होते. माळी म्हणाला, न घातलं तर म्हणतात. परतताना बाबांनी वाघाकडे एकदा दयेनं पाहिलं, बस्स.

सीताबर्डी रात्री आठ वाजता म्हणजे आपल्याकडच्या जत्रेचा दिवस, तोही रोजचा. पळणारे दिवे, त्या दिव्यांत अक्षरं, दुकानांच्या काचांत साड्या, आणि फुगेवाले, गजरेवाले, मोटारींचे भोंगे. उकाड्यानं घराबाहेर काढलेलं सगळं शहर रस्त्यावर हिंडत होतं. मी बाबांना दाखवत होतो, हे पाहा, ते पाहा. सुजाता एका घड्याळाच्या दुकानासमोर थबकली. मला वाटलं, पोरीला घड्याळ हवं आहे. तर ती काचेतल्या एका घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर लावून स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून उभी होती. ओठ हलत होते. ती नाडी मोजत होती. रस्त्यावरची माणसं तिला वळसा घालून जात होती. बाबांनी ते पाहिलं की नाही मला कळलं नाही.

आनंदमेळ्यात मी सगळ्यात मोठी आशा ठेवली होती ती मौतच्या कुव्यावर. फळ्यांची उंच गोल विहीर, वर कडेला आपण उभं राहायचं आणि आत फटफटीवाला भिंतीवरून गरगर फिरत वर येतो. मी तर कठडा घट्ट धरला होता. सुजातानं डोळे झाकले. फटफटी बाबांच्या धोतराच्या सोग्याजवळून गेली तरी बाबा ढिम्म. खेळ संपल्यावर त्यांनी खाली वाकून विहिरीचा तळ पाहिला आणि म्हणाले, "कोरडी हीर पाह्यले गंज लोक जमा होतात बाप्पा."

जेवायला सावजी खानावळ. मी आधी खाल्लेलं होतं, म्हणून मोठ्या तोऱ्यात तिखट जास्त टाका म्हणून सांगितलं. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. सुजाताला उचकी लागली. बाबा शांतपणे रस्सा भुरकत होते. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला सावजी काय करणार? जेवणावर चहा आला. बाबांनी आधी आपला कप उचलून पाहिला, मग शेजारच्या टेबलावरचे कप पाहिले. शेलूबाजारच्या रस्त्यावर त्यांच्या तरुणपणी एक हॉटेल होतं, तिथं आमच्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत आणि पिऊन झाल्यावर आपले आपणच विसळून ठेवायचे असत. ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. इथं पोऱ्या एकाच बादलीत सगळ्यांचे कप खळखळ बुडवत होता. "धुनं काई धड नाई," बाबा म्हणाले, "पन सगळ्याइचं सारखंच."

परत येताना मी रस्ता चुकलो. ज्याला नागपूर पाठ आहे तो चुकला, हे सांगायला जड जातं. तीन चौक फिरून एका पानवाल्याला विचारलं तर लॉज त्याच्या पाठीमागेच होता. खोलीत झोपणं शक्य नव्हतं. गादी घेऊन गच्चीवर गेलो, तर अख्खा लॉज तिथं आडवा पडलेला. आपल्याकडे अंगणात बाजा टाकतात तसंच, फक्त शेजारी अनोळखी. खालून हिंदी गाणी, टांग्यांच्या घंटा आणि कोणाचं तरी भांडण वर येत होतं. बाबा आकाशाकडे पाहत म्हणाले, की हे गाव रात्री झोपत नाही, मग पोरगी झोपणार कधी? मी कुशीवर वळलो. दिवसभर दाखवलेलं सगळं उलटं पडलं होतं, आणि त्या रात्री मला खरोखर वाटलं, की सुजाता सोमवारी आमच्यासोबत परत येते.

रविवार, सकाळ

जाग आली तर बाबांची गादी रिकामी. सुजाता म्हणाली, होस्टेलचा पत्ता विचारत ते पहाटेच निघून गेले. मी कालचा इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला, आणि आम्ही दोघं रिक्षा करून निघालो.

होस्टेल म्हणजे लांबलचक कौलारू इमारत, पुढे व्हरांडा, फाटकाशी चौकीदार. समोरच्या रस्त्यावर चहाची टपरी आणि टपरीच्या बाकावर बाबा. आम्ही रिक्षातून उतरतो न उतरतो तोच चौकीदार काठी आपटत आला आणि माझ्यावरच घसरला. "लडकी देखने का नहीं इधर. चलो, निकलो." मी आजूबाजूला पाहिलं. त्याला मीच हवा होतो.

मग उलगडा झाला. बाबांनी पहाटेपासून आपली रीतसर चौकशी चालवली होती. चहावाल्याला विचारलं, घर कसं आहे? कपडे न्यायला आलेल्या परटिणीला विचारलं, पोरींचे कपडे वेळेवर देतात का, फाटके असतात की नीट? दूधवाल्याला विचारलं, दुधात पाणी घालायला सांगतात की तूच घालतोस? आणि चौकीदाराला सरळ विचारलं, की मोठ्या बाई आतून कशा आहेत, पोरींना घालून पाडून बोलतात का. आम्ही सोयरिकीसाठी आलो आहोत. चौकीदारानं यातून एकच अर्थ काढला. आणि तेवढ्यात भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरदेव रिक्षातून उतरला.

मी म्हटलं, अहो, माझं लग्न झालं आहे, दोन मुलं आहेत. तो म्हणाला, तर मग आणखी वाईट. टपरीवर हशा पिकला. परटीण गाठोडं खाली ठेवून ऐकायला बसली. आरडाओरडा ऐकून आतून मेट्रनबाई आल्या, ठेंगण्या, चष्म्याच्या, पांढऱ्या शुभ्र साडीतल्या. दक्षिणेकडच्या होत्या, हिंदी तोडून तोडून बोलत. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. कोर्टात मी भल्याभल्या आरोपींना पिंजऱ्यात उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्यांना कसं वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. शेवटी सुजातानं पिशवीतून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच सलग चार वाक्यं बोलली.

बाई हसल्या नाहीत. बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, घरात आजाऱ्याचं कोण करतं? बाबा म्हणाले, माझी आई अंथरुणाला खिळली होती, वर्षभर हिनंच केलं. उठवणं, धुणं, सगळं. बाईंनी विचारलं, ही रडते का? बाबांनी थोडा विचार करून खरं सांगितलं, "लपून रडते." मी हिंदीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "ठीक है. मरीज के सामने नहीं रोने का." आणि उद्या अकराला या, आज नाही, म्हणून आत निघून गेल्या.

मी कपाळाला हात लावला. आता संपलंच, म्हटलं. पण बाबा बाकावर बसून तीन चहा सांगत होते. त्यांचं म्हणणं, जी सासू आपल्याला काही विचारत नाही तिच्या घरी पोर देऊ नये, हिनं विचारलं. कडक आहे, पण उपाशी ठेवणारी नाही.

"पहाटपासून एवढंच पाह्यलं?" मी विचारलं.

"पानी पाह्यलं."

"कसं आहे चवीला?"

"चव नाई पाह्यली. कोन घेते ते पाह्यलं."

मी समोर नजर टाकली. व्हरांड्यात तिवईवर दोन मोठे माठ होते आणि त्यावर एक लांब दांड्याचं वगराळं. बाबा सांगू लागले. सकाळी आधी झाडूवाली आली, तिनं आपल्या हातानं माठातून पाणी घेतलं. मग पोरी आल्या, मग चौकीदार, मग परटीण, मग पांढऱ्या साडीतल्या बाई स्वतः. वगराळं एकच, आणि कोणी कोणाला वरून ओतलं नाही. चौकशी करता करता दोन तास त्यांनी तेच पाहिलं होतं.

"कौसीच्या गावात दोन हिरी हायेत," बाबा म्हणाले. "आपल्या लोकाइची होळीले आटते. दुसरीले बारा मयने पानी हाय. तथी तिले जाता येत नाई."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण काल पाणपोईवर, मग बागेत, मग खानावळीत बाबा काय पाहत होते ते मला तोवर कळलं नव्हतं. मी खारं-गोडं विचारत बसलो होतो. नोकरी लागल्यापासून माझा कप कोणी वेगळा ठेवला नाही, आणि मी विसरूनही गेलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी चहाचे कप उचलून टपरीवाल्याला नेऊन दिले, उगीच.

"मग उद्या सही?" मी विचारलं. बाबा म्हणाले, की घर पाहिलं, आता पोरीला विचारावं लागेल. मी म्हटलं, सोयरिकीत पोरीला कोण विचारतं? बाबा उठत म्हणाले, "म्हनून तं."

रविवार, उरलेला

त्यानंतरचा दिवस मात्र मजेत गेला. बाबांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरलं की माणूस किती खातो हे मी पाहिलं. रस्त्यावर पोहे आणि त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री. आपल्याकडे पोह्यांवर शेव टाकून मोकळे होतात, इथं पोहे रश्श्यात पोहतात. दोन प्लेटी झाल्या. मग उसाचा रस. मग अंबाझरीच्या बांधावर बर्फाचा गोळा, नारंगी रंगाचा. बाबांची मिशी नारंगी झाली आणि ती तशीच घेऊन ते बांधावरून हिंडले. एवढं पाणी, आणि राखण करायला कोणी नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. सुजातानं पाण्यात पाय सोडले. एका नावाड्यानं आम्हाला फिरवून आणलं. मला पुन्हा मळमळलं.

दुपारी सिनेमा. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत कूलरचं गार वारं, त्यामुळे चित्र कोणतंही असतं तरी चाललं असतं. कूलरच्या पाण्याची धार नेमकी माझ्या खुर्चीवर होती. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. नायिका आजारी पडली तेव्हा सुजाता माझ्या कानाशी लागून म्हणाली, की दादा, त्यांनी तिला उशी चुकीची दिली आहे. बाबांना नायकापेक्षा मारामारीत मार खाऊन पडणारा एक माणूस आवडला. तो पडल्यावर धोतर सावरत होता.

दिवेलागणीला दीक्षाभूमीवर गेलो. नुसतं मोकळं मैदान. छप्पन साली बाबा आणि माय शेलूबाजारहून इथं आले होते, निम्मं अंतर पायी. माणसांचा नुसता सागर होता म्हणतात. आपण कुठं बसलो होतो ती जागा बाबा शोधत राहिले. आधी एका झाडाखाली म्हणाले, मग म्हणाले, झाड नव्हतं. मग पांढरी साडी नेसलेली माय कुठं हरवली होती ते सांगितलं आणि कशी सापडली तेही सांगितलं. सगळ्याच बाया पांढऱ्या साडीत, म्हणून त्यांनी तीन अनोळखी बायांना हाक मारली होती. सुजाता हसत होती. तिचा जन्म त्याच्या पुढच्या सालचा. तिचं नावही त्या दिवसानंतरचं.

शेवटी एके ठिकाणी बाबांनी हीच जागा म्हणून ठरवून टाकलं आणि बसले. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी खाली पाहतच विचारलं, "सुजे, तुले राह्यचं हाय का अथी?"

मला वाटलं, ती मानेनंच हो म्हणेल.

"मले भेव वाटते बाबा," ती म्हणाली. "रातच्याले एवढ्या दुखनाईत लोकाइत एकटीले उभं राहा लागन. पन मले राह्यचं हाय."

बाबा मैदानावरच्या वाळक्या गवताची काडी मोडत बसले. त्या रात्री गच्चीवर ते आडवे झाले तसे घोरायला लागले, आणि खाली सीताबर्डी जागी होती ती आम्ही दोघं भावंडं कठड्याशी उभं राहून पाहत बसलो. सुजाता मला दिवे कसे पळतात ते विचारत होती.

सोमवार

अकराला आम्ही हजर. चौकीदारानं मला आज सलाम केला आणि नवरदेव म्हणून डोळा मिचकावला. मेट्रनबाईंनी कागद पुढे केला. बाबांना सही रात्रीच्या शाळेत शिकून येते, पण ती घाईत येत नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दौत-टाक नीट पाहिला, आणि एकेक अक्षर बसवत सही केली. त्याखाली नातं लिहायचं होतं. ते मी लिहू लागलो तर त्यांनी कागद परत घेतला आणि 'बाप' असं स्वतः लिहिलं.

फाटकाशी सुजाता पाया पडली. ती रडत नव्हती. बाईंचं ऐकून असेल. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"कौसीले सासरी धाडली तवा म्या सांगतलं होतं, आता तेच तुहं घर, जगली तं तथी अन् मेली तं तथी. सगळेच बाप सांगतात," ते म्हणाले. "तुले तसं नाई सांगत. नाई पटलं तं एक कारड टाक. मी घ्यायले येतो."

सुजाता मग रडली, फाटकातच, सगळ्यांसमोर. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, पण त्यांनी पाठ फिरवली.

परतीची एसटी धरली. मी मालेगावला उतरून वाशीमची गाडी धरणार होतो, आणि बाबा त्याआधीच शेलूबाजारला उतरणार होते. शेलूबाजार आलं. मी त्यांची पिशवी काढली, दारापर्यंत नेली, मागे पाहिलं तर बाबा जागचे हलले नव्हते. कंडक्टरनं दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "जाऊ द्या गाडी."

मालेगावला ते माझ्यासोबत उतरले आणि सरळ आडवाटेला लागले. वाशीमची गाडी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, आणि पिशवी खांद्याला मारून त्यांच्या मागे निघालो.

दीड कोस चालून गेलो तेव्हा अंधारून येत होतं. कौसाताई नदीकडून येत होती, डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड, कमरेला घागर, तोंड उन्हानं रापलेलं. आम्हाला पाहून घाबरली, कोणाचं काही झालं का म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावरचा गुंड उतरवून आपल्या हातांनी ओट्यावर ठेवला. बसलेही नाहीत.

"कौसे, तुले एक सांगाचं राह्यलं होतं. नाई सोसत असन तं घरी ये. मी हाव."

ताई आधी हसली. तिचा मोठा पोरगा दहा वर्षांचा झाला आहे, तिची स्वतःची चूल आहे, दोन म्हशी आहेत. बारा वर्षांनी तिला माहेर दाखवायला आलेल्या बापाकडे ती पाहत राहिली आणि हसता हसता थांबली.

"आली तं नसतीच मी, बाबा," ती म्हणाली. "पन तवा सांगतलं असतं, तं झोप लागली असती."

बाबा ओट्यावर बसले. ताईनं पदरानं डोळे पुसले, घागर घरात नेली, चूल पेटवली आणि सुजीचं नागपूर कसं आहे ते सगळं सांगा म्हणाली. त्या रात्री बाबा तिच्या घरी राहिले.